अडून बसलेले इंजिन

दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येक घरी एखादी तरी वस्तू अशी निघते, की जी काही केल्या उघडत नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण, आजीच्या पेटीचे कुलूप, पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण. घरातला प्रत्येक पुरुष तिथे एकदा आपले बळ अजमावतो, हात लाल करून घेतो आणि बाजूला होतो. मग गृहिणी येते, झाकणाभोवती गरम पाण्याचा फडका गुंडाळते आणि आपल्या कामाला निघून जाते. थोड्या वेळाने झाकण मुकाट्याने फिरते. २०२३ सालच्या दिवाळीत आमच्याकडे जे अडून बसले होते, ते असल्या फडक्याला दाद देणारे नव्हते. ते मोटारीचे इंजिन होते.

मोटार अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, रंग पांढरा (निदान घेतली तेव्हा तरी पांढरा). वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. पुढे सत्तरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. पण आमच्या घरी आणि आमच्या चाळीतही ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी., गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि पुढच्या बाकावर तिघे बसले तरी कोणाची तक्रार नाही. माझी मुंज, बहिणीचे लग्न, आईचे इस्पितळात जाणे-येणे, सगळे याच गाडीतून झाले.

२०१३ साली अण्णांच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला. त्यांनी कुरकुर न करता किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एवढेच सांगितले, “दर रविवारी दहा मिनिटं चालू करत जा. बाकी काही नको.” सहा-सात महिने मी ते केले. मग एका रविवारी बॅटरी उतरलेली निघाली. पुढच्या रविवारी नवी आणू म्हणालो. तो पुढचा रविवार यायला दहा वर्षे लागली.

या दहा वर्षांत अण्णांनी मला एकदाही विचारले नाही. दसऱ्याला मात्र ते काठी टेकत खाली उतरत, गाडीचे बॉनेट पुसत, झेंडूची माळ घालत आणि वर येत. २०२३ च्या दसऱ्यालाही त्यांनी तसेच केले. फरक एवढाच होता, की त्या वेळी इमारतीच्या फळ्यावर सूचना लागलेली होती. इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती; आवारातली न चालणारी वाहने पाडव्यापर्यंत हलवावीत. भंगारवाला एकदा येऊन गाडीभोवती फिरूनही गेला होता. साधारण नऊशे किलोंची गाडी. त्याने हिशेब मनातल्या मनात केला आणि आम्हाला अर्धाच सांगितला.

जेवताना अण्णा म्हणाले, “इंजिन फिरत असेल तर ठेवू. नसेल फिरत, तर देऊन टाक. उगीच ओढूनताणून नको.”

मी हो म्हणालो. इंजिन फिरत नसेल तर त्याला कारण कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. सत्तरीचे गृहस्थ, उभा जन्म टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनी दुरुस्त करण्यात गेलेला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून जायची होती, त्यामुळे त्यांच्यापाशी वेळ होता. मी मोठ्या हौसेने नवी बॅटरी आणून ठेवली होती. किल्ली फिरवली. ‘खट्’ असा एक आवाज झाला आणि दिवे मंदावले. मी पुन्हा किल्लीला हात घातला, तो त्यांनी वरच्या वर धरला.

“साहेब, आता नाही. एकदा कळलं ना ती नाही म्हणते?”

त्यात अर्थ होता. इंजिन जाम असताना स्टार्टर मारत राहिले, तर वायरी तापतात, स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसतात. आणि सिलिंडरमध्ये पाणी साठलेले असेल तर ते दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी त्यांनी पंख्याचा पट्टा सैल केला. कधीकधी इंजिन बिचारे मोकळे असते आणि पाण्याचा पंप किंवा डायनॅमो जाम असतो. तसे नव्हते. मग त्यांनी चारी प्लगांच्या मुळाशी तेल सोडले आणि चहा मागवला. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. घाईने पिळला तर प्लगाबरोबर हेडातले आटेही सोलून निघतात. चहानंतरही त्यांनी प्लग आधी उलटा, म्हणजे आवळायच्या बाजूला, केसभर फिरवला आणि मगच सोडवला. जरासा सैल झाला, की पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चार प्लगांना दीड तास लागला. मला वाटले, या गतीने आपण होळीला गाडी काढू.

प्लगांच्या भोकांतून बॅटरी मारून पाहिले. एक आणि तीन नंबरचे सिलिंडर बऱ्यापैकी स्वच्छ. दोन आणि चार तांबडे लाल. मी म्हटले, हे कसे? चारी एकाच छपराखाली उभे. मिस्त्रींनी तेलकट बोटाने बॉनेटच्या धुळीवर आकृती काढून समजावले ते असे : चार सिलिंडर एका वेळी चार निरनिराळी कामे करत असतात. इंजिन थांबते तेव्हा ते त्या त्या कामात जिथल्या तिथे थिजतात. एक हवा घेत असतो, त्याची आत येण्याची झडप उघडी राहते. एक धूर सोडत असतो, त्याची बाहेर जाण्याची झडप उघडी राहते. उरलेल्या दोघांच्या झडपा बंद. आमच्या गाडीत चार नंबर हवा घेता घेता थांबला होता आणि दोन नंबर धूर सोडता सोडता. दहा पावसाळ्यांची ओल चार नंबरात कार्बोरेटरवाटे शिरली आणि दोन नंबरात सायलेन्सरवाटे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो गंजत नाही. पण त्याच्या रिंगा बिडाच्या आणि सिलिंडरची भिंतही बिडाची. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये जी केसाएवढी फट, ती गंजाने फुगून भरली, की दोघांची गाठ बसते. रविवारी दहा मिनिटे इंजिन फिरले असते तर झडपांची जागा बदलली असती, भिंतींना तेल लागले असते. हे शेवटचे वाक्य मिस्त्री बोलले नाहीत. मला ऐकू आले.

पहिला उपाय औषधाचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन निम्मे निम्मे एका बाटलीत हलवून त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये लहान पेलाभर ओतले. ॲसिटोन तेलाला पातळ करून फटीत नेतो आणि स्वतः उडून जातो. उडतो म्हणूनच तो धोक्याचाही आहे; त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. आवारात पणत्या आणि फुलबाज्यांचे दिवस जवळ आलेले. मिस्त्रींनी बाटली घरी ठेवू दिली नाही, रोज येताना घेऊन येत आणि जाताना घेऊन जात. घरी असले काही करू पाहणाऱ्या वाचकांनी एवढे तरी त्यांचे ऐकावे.

आणि मग वाट पाहणे. दुसऱ्या दिवशी एक आणि तीन नंबरातले औषध खाली उतरलेले; रिंगांवरून झिरपून ते खालच्या तेलात गेले. (म्हणूनच पुढे इंजिन चालू करण्यापूर्वी तेल बदलणे भाग असते.) दोन आणि चारमध्ये मात्र ते तसेच तळ्यासारखे स्वस्थ. गंजाने बूच इतके पक्के मारले होते, की थेंब हलला नव्हता. मिस्त्री रोज संध्याकाळी येत, तार घालून खोली मोजत, पुन्हा भर घालत आणि जात. अण्णा गॅलरीतून विचारत, “उतरलं का?” आणि खालून उत्तर जाई, “नाही, अण्णा.”

या मधल्या दिवसांत सल्लागार पुष्कळ झाले. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर पाहून दोन उपाय सांगितले. एक, कोला ओता. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते आणि ते थोडाफार गंज खाते हे खरे. पण मागे साखरेचा पाक उरतो, त्याचे काय करायचे? मिस्त्री म्हणाले, “कोला तू पी, गाडीला तेलच दे.” दुसरा उपाय त्यांना आवडला. तो होता चिकटलेले हेड उचलण्याचा : प्लगाच्या भोकातून सुती दोर आत भरायचा आणि इंजिन फिरवायचे, म्हणजे पिस्टन वर येऊन दोराच्या गादीने हेड अलगद उचलतो. “झकास आहे,” मिस्त्री म्हणाले, “पण त्याला आधी पिस्टन हलावा लागतो, बाळा.”

आठव्या दिवशी चार नंबरातले औषध बोटभर उतरले. अण्णा त्या संध्याकाळी स्वतः खाली आले.

आता दुसरा उपाय. ब्रेकही जाम होते, ते मिस्त्रींनी आधीच सोडवले होते. चाकांत हवा भरली, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि चौघांनी मागून-पुढून हलवायची. मी आपला शहाणपणाने पहिला गिअर टाकायला गेलो. चढावर जोर लागतो तो पहिल्यात, हे आपण शिकलेले. पण इथे गणित उलटे असते. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन पुष्कळ फेरे घेते. म्हणजे चाकाकडून ढकलताना इंजिनाच्या वाट्याला जोर थोडा येतो. चौथ्यात फेरे कमी, म्हणून जोर अधिक. गाडी वीतभर पुढे जाई, वीतभर मागे येई, आणि मला वाटे, सुटले! मिस्त्रींनी खाली पुलीवर आणि शेजारी इंजिनाच्या अंगावर खडूची एकेक रेघ मारून ठेवली होती. दोन्ही रेघा समोरासमोर होत्या त्या तशाच. गाडी हलत होती ती गिअर-दात्यांच्या ढिलाईमुळे.

“दोन्हीकडे हलवा,” ते सांगत राहिले. “एकाच बाजूला रेटलं, तर अडलंय तिथंच आणखी रुतेल.”

असे तीन दिवस. आणि मग माझ्याकडून जे व्हायचे ते झाले.

लक्ष्मीपूजनाला पाच दिवस उरले होते. मिस्त्री त्या दिवशी यायचे नव्हते. भंगारवाला पुन्हा येऊन गेला होता. मी ऑफिसातून आलो, बाही सरसावली, पुलीच्या नटावर पाना चढवला आणि पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडला. लीव्हर दिला तर पृथ्वी हलवीन म्हणणाऱ्या त्या ग्रीक पंडिताची मला आठवण झाली. पण पाना घसरला तर काय करायचे हे त्याने सांगितलेले नाही. माझा घसरला. पाइप रेडिएटरच्या जाळीत सरळ आत गेला, आणि दहा वर्षांचे गंजके पाणी माझ्या चपलांवर ओघळू लागले. वर गॅलरीत अण्णा उभे होते. त्यांना नीट दिसत नाही, पण आवाज सगळे समजतात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जाळी पाहिली, नळ्या पाहिल्या. “डाग देण्याजोगा राहिला नाही,” एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, बहुधा माझा चेहरा पाहून, “हेड काढायचं तर पाणी काढावंच लागतं. तुम्ही काढून ठेवलंत.”

हेड उतरवण्याचे ठरले. त्यालाही रीत आहे. नट एकदम एकेक करून मोकळे करायचे नाहीत. कडेच्यापासून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत. नाही तर ॲल्युमिनियमचे हेड पापडासारखे वाकडे होते. झडपा उचलणाऱ्या सळ्या चिरंजीवांनी पुठ्ठ्याला आठ भोके पाडून ओळीने खोवल्या, कारण ज्या जागेवर जी झिजली तिथेच ती परत जायला हवी. नट निघाले तरी हेड गॅस्केटला घट्ट चिकटलेले. माझ्या हातात पेचकस होता. फटीत घालून उचकटण्याचा मोह मलाच नव्हे, कोणालाही होईल. पण मऊ धातूवर पेचकसाचा एक ओरखडा उमटला, की तिथून पाणी आणि दाब कायमचे गळत राहणार. मिस्त्रींनी कडांना तेल दिले, लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी टकटक केली आणि तास-दीड तासाने हेड पोळीसारखे सुटून आले.

आता पिस्टन उघड्यावर आले. दोन आणि चार नंबरच्या पिस्टनांवर, सिलिंडरच्या भिंतीला, गंजाचे तांबडे कडे धरलेले. मला वाटत होते, पिस्टन आपल्या सबंध उंचीभर चिकटला असेल. तसे नसते, धरतात त्या रिंगा, आणि वर जाण्याची वाट अडवते ते हे कडे. म्हणून ठोकाठोकीच्या आधी मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून ते कडे घासून काढले. यात एक अख्खी दुपार गेली. ज्याला सुटायचे आहे त्याला आधी जायला जागा हवी.

मग त्यांनी शिसवी लाकडाचा एक गोल ठोकळा काढला. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर; ठोकळा त्यात सैलसर बसेल असा कातलेला, वरून हातोड्याच्या खुणांनी झिजलेला. किती गाड्यांत तो जाऊन आला असेल देव जाणे. लोखंडाने थेट ठोकले तर पिस्टनला भोक पडते. लाकूड धक्का सगळीकडे वाटून देते. चार नंबरवर ठोकळा ठेवून त्यांनी ठोके द्यायला सुरुवात केली. ते ठोके म्हणजे घाव नव्हेत. दाराची कडी वाजवावी तसे, एका लयीत. पंचवीस ठोके चार नंबरवर, मग पंचवीस दोन नंबरवर. यातही मेख होती. चार खाली गेला तर इंजिन सुलटे फिरते, दोन खाली गेला तर उलटे. म्हणजे गाडी पुढे-मागे हलवण्याचेच काम, पण आता थेट दुखऱ्या जागी.

अण्णा स्टूल टाकून शेजारी बसले होते. खडूच्या रेघा त्यांना दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी पुलीवर बोट ठेवले होते. नरकचतुर्दशीची सकाळ. फराळ झालेला, पोरे लवंगी उडवून दमलेली. मिस्त्रींची पाचवी की सहावी फेरी चालली होती.

“हललं,” अण्णा म्हणाले.

आम्ही रेघा पाहिल्या. मला फरक दिसेना. चिरंजीवांनाही नाही. मिस्त्रींनी मात्र ठोकळा उचलला, दोन नंबरवर ठेवला आणि दहा ठोके दिले.

“परत आलं,” अण्णा म्हणाले.

तासाभराने फरक आम्हालाही दिसू लागला, गव्हाच्या दाण्याएवढा. दुपारपर्यंत अंगठ्याएवढा. मग पुढे रेटायचे नाही. मागे आणायचे, पुसायचे, तेल द्यायचे, पुन्हा पुढे. मला इतकी घाई झाली होती, की मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी मिस्त्रींनी पाना अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी, सावकाश, पूर्ण एक फेरा फिरवला. दोन पिस्टन वर आले, दोन खाली गेले. मग खालचे वर आले. दोन नंबरमध्ये कुठेतरी कचकच असा बारीक आवाज येत होता.

अण्णांनी मान तिरकी करून तो ऐकला. “वरची रिंग तुटली वाटतं.”

“तुटली,” मिस्त्री म्हणाले.

“स्टँडर्ड मापाच्या चालतील, की बोअर करून मोठ्या घालाव्या लागतील?”

गाडी ठेवायची की देऊन टाकायची याची चर्चा आमच्या घरात त्यानंतर झाली नाही.

पाडव्याच्या सकाळी गाडी हेडाशिवाय, दोरीने ओढत, मिस्त्रींच्या शेडमध्ये गेली. सिलिंडर मोजले तेव्हा बोअर करायची गरज पडली नाही. भिंती दगडी कांडीने घासून निघाल्या. रिंगांचा संच मिस्त्रींनी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, तिसऱ्या खेपेला, शोधून आणला. फेब्रुवारीत गाडी चालू झाली, आणि सायलेन्सरमध्ये उतरलेले ते औषध जळून इतका पांढरा धूर निघाला, की गल्लीतल्या दोन बिऱ्हाडांनी खिडक्या लावून घेतल्या.

रविवारचे काम आता चिरंजीवांकडे आहे. अण्णांनी त्याला तोच जुना नियम सांगितला : दहा मिनिटे चालू ठेव. त्यावर मिस्त्रींनी, अण्णांचा मान राखून, दुरुस्ती सुचवली. नुसती उभ्या उभ्या दहा मिनिटे चालवली तर इंजिन पुरते तापत नाही आणि जळणातून निघालेली वाफ आतच पाणी होऊन तेलात राहते. गाडी फिरवा, चांगली तापू द्या, मग बंद करा. अण्णांनी यावर दोन दिवस विचार केला. त्या रविवारपासून ते सकाळी सात वाजता टोपी घालून तयार असतात, कारण गाडी फिरवायची म्हटल्यावर शेजारी कोणीतरी जाणते बसायला हवेच.

भंगारवालाही पाडव्याला वजनकाटा घेऊन आला होता. तो रिकाम्या हाताने गेला नाही. जुन्या रेडिएटरांत तांबे-पितळ असते. माझा रेडिएटर त्याने चांगल्या भावाने नेला.